पहिल्या कार्यक्रमासाठी पियानोची रचना निवडताना: सगळ्यात अवघड ओळ आधी पाहा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते. पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या घरी मग एकच विषय असतो, काय वाजवायचं? ठरतं ते बहुतेक वेळा घाईत. मोबाईलवर कुणीतरी सुरेख वाजवलेलं ऐकलेलं असतं, नाव ओळखीचं असतं, पहिल्या दोन ओळी मुलाला चटकन जमतात. झालं, ठरलं. डिसेंबर उजाडतो तेव्हा तिसरी ओळ काही केल्या बसत नसते आणि आपणहून वाद्यापाशी जाणारं मूल हाक मारल्याशिवाय जात नसतं.

अशा वेळी सराव वाढवला जातो, रागावणं होतं, क्लास जादा होतात. पण सरावाने ही गोष्ट सुटत नाही, कारण ती निवडीतच अडकलेली असते. निवड कोणत्या क्रमाने करायची ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. एक ते दोन वर्षं शिकलेलं आणि पहिल्यांदाच लोकांसमोर बसणारं मूल डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मोठ्या वयात शिकायला लागलेल्यांनाही हेच टप्पे लागू पडतात, फक्त हाताच्या पोचेचा भाग त्यांनी सोडून द्यावा.

## टप्पा १: रचना बाजूला ठेवा, आधी वाद्य आणि जागा लिहून काढा

एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: कार्यक्रमात वाद्य कोणतं असेल, जागा कोणती, तारीख काय, आणि मुलाला किती मिनिटं मिळणार. यातली एकही गोष्ट माहीत नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा. रचनेचा विचार त्यानंतर.

वाद्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कुठेही जा, मूल शिकतं एका वाद्यावर आणि वाजवतं दुसऱ्यावर. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, क्लासमध्ये ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, कार्यक्रमात ऑर्केस्ट्रावाल्यांचा तिसराच काहीतरी. ६१ पट्ट्यांवर पाच सप्तकं बसतात, आणि मधल्या सीच्या खाली साधारण दोनच. रचनेचा डावा हात त्याहून खाली उतरत असेल तर ती या वाद्यावर वाजणारच नाही. शिवाय बहुतेक ६१ पट्टीवाल्या कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या असतात. पियानोसारखं वजन नसल्यामुळे हळू आणि जोरात यांतला फरक बोटाने काढणं कठीण जातं.

जागेबद्दल दोन गोष्टी पाहायच्या, छप्पर आणि पंखे. पत्र्याच्या छपराखाली पावसात कार्यक्रम असेल तर हळुवार रचना पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. नोव्हेंबरनंतर हा त्रास नसतो, पण ऑगस्टमधल्या कार्यक्रमासाठी मी मंद, नाजूक काही सुचवत नाही. पंख्यांचं दुखणं वेगळं, ते नोटेशनचे कागद उडवतात. म्हणून पहिल्या कार्यक्रमाची रचना दोन पानांत मावणारी असावी. पान उलटायचंच नाही.

वेळ किती? पहिल्या खेपेला एक ते दोन मिनिटं पुरेशी आहेत. आयोजकांनी पाच मिनिटं दिली म्हणून पाच मिनिटं भरायची गरज नाही.

तपासा: कार्यक्रमाच्या वाद्याला किती पट्ट्या आहेत? पेडल, म्हणजे सूर लांबवणारी पायाची कळ, आहे का, की फक्त पेडल जोडायचं भोक आहे? उत्तर "बहुतेक असेल" असं आलं तर नाही असंच धरा आणि पेडलशिवायची रचना शोधा.

## टप्पा २: मूल आज काय वाजवू शकतं ते पाहा

"चांगलं वाजवतो" हे पुरेसं नाही. खालच्या चार गोष्टी समोर बसून पाहा.

पहिली, सी मेजरचं एक सप्तक, म्हणजे एका सीपासून पुढच्या सीपर्यंतच्या पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही हातांनी वेगवेगळं. अंगठा बोटांखालून न अडखळता जातो का? अडखळत असेल तर हात एकाच जागी, पाच सुरांवर राहतो अशा रचना निवडा. त्याही भरपूर आहेत.

दुसरी, डाव्या हाताने एक लांब सूर धरून ठेवायचा आणि उजव्याने चार सूर चालवायचे. उजवा हलला की डावा उचलला जातो का?

इथे जरा थांबतो, कारण कोकणातल्या मुलांच्या बाबतीत हे फार दिसतं. भजनी घरातली मुलं पेटी वाजवून आलेली असतात. पेटीवर डावा हात भाता मारतो, सूर वाजवतो तो उजवा. त्यामुळे या मुलांचा उजवा हात आणि कान दोन्ही वयाच्या मानाने पुढे असतात. चाल एकदा ऐकली की वाजवतात. डावा हात मात्र सुरांच्या कामाला नवखा असतो. शिक्षक उजव्या हाताची तयारी पाहून रचना देतात आणि मूल डाव्या हातापाशी अडतं. या मुलांची पातळी डाव्या हातावरूनच ठरवा.

पेटीवरून आलेल्यांची दुसरी सवय म्हणजे सूर धरला की तो भात्याच्या जोरावर टिकणार हे गृहीत असतं. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो. संथ, लांब सुरांच्या रचनेत ही मुलं सूर विरला की बेचैन होतात आणि लय पळवतात. त्यांना मध्यम लयीची, सतत काहीतरी हलत राहणारी रचना जास्त मानवते.

तिसरी गोष्ट, कधीही न पाहिलेल्या सोप्या चार बार दाखवा. दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक बार. पाचेक मिनिटांत वाचून वाजवता आल्या तर मूल कागदावरून शिकू शकतं. नाही आल्या तर ते ऐकून आणि बोटं पाहून शिकतं. त्यात काही बिघडत नाही, फक्त रचना आणखी छोटी घ्या.

चौथी, हाताची पोच. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती पांढऱ्या पट्ट्या आरामात येतात ते मोजा. सप्तकाला आठ लागतात. आठ-नऊ वर्षांच्या बऱ्याच मुलांचा हात सहा-सातवर थांबतो. ताणून आठ येत असतील तर ते आठ धरू नका. कार्यक्रमाच्या दिवशी हात गार पडलेला असतो, तेव्हा ताणून काही येत नाही.

सावधान: मुलाला सध्या येणारी सगळ्यात अवघड रचना ही त्याची पातळी नव्हे. आठवडाभर सराव न करताही जी नीट वाजते ती पातळी. कार्यक्रमासाठी तिच्याहून थोडीशीच वर जा. ज्यांच्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा चालतात त्यांनी दिलेल्या शेवटच्या परीक्षेच्या ग्रेडचीच, किंवा एक ग्रेड खालची रचना घ्यावी. वरच्या ग्रेडची नको.

## टप्पा ३: पाच-सहा रचनांची यादी करा

एकच रचना मनात धरून तिला मूल जुळवू नका. यादी करा, म्हणजे नाकारायला वाव राहतो. अभिजात पियानो संगीतात नवशिक्यांसाठी मुद्दाम लिहिलेल्या रचना शेकड्यांनी आहेत. मोठ्या रचनेची "सोपी आवृत्ती" घेण्यापेक्षा संगीतकाराने मुळात सोपीच लिहिलेली रचना केव्हाही सरस. सोप्या आवृत्तीत चाल राहते आणि डाव्या हाताचा प्राण जातो. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ रचना असते, त्यामुळे मूल चुकलं नाही तरी काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

मी ज्यांतून निवडतो त्या साधारण अशा.

अगदी नवख्यांसाठी, हात लहान असणाऱ्यांसाठी: बेला बार्टोकचा "फॉर चिल्ड्रेन" हा संग्रह. हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या लोकगीतांवर त्याने या छोट्या रचना बांधल्या, आणि मूळ आवृत्तीच्या मुखपृष्ठावरच नवशिक्यांसाठी, सप्तकाची पोच न लागणाऱ्या, असं छापलं. पुष्कळशा एका पानाच्या आत संपतात. लोकगीताची चाल असल्यामुळे भजनाच्या चालीवर वाढलेलं मूल ती लगेच पकडतं. आपल्याकडे हा संग्रह फार कमी वाजवला जातो, त्याचं मला वाईट वाटतं. श्रोत्यांनाही तो अवघड जात नाही.

वर्ष-दीड वर्ष झालेल्यांसाठी: जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट, म्हणजे एका जुन्या युरोपीय नाचाची चाल. तीन मात्रांचा, १६-१६ बारचे दोन भाग, एकूण ३२ बार. दोन्ही भाग दोनदा वाजवले तर मिनिटाला १०८ मात्रांच्या लयीत जवळजवळ पावणेदोन मिनिटं होतात, म्हणजे पहिल्या कार्यक्रमाच्या बरोबर मापाचा. त्याच्याच जोडीचा जी मायनरमधला मिन्युएट थोडा उदास आहे आणि कमी वाजवला जातो. कार्यक्रमात दोन मुलं जी मेजरचा वाजवत असतील तर तिसऱ्याला हा द्या.

शूमानच्या १८४८ सालच्या "आल्बम फॉर द यंग" या ४३ रचनांच्या संग्रहातली "सोल्जर्स मार्च" ही दोन मात्रांची, ठसठशीत. दोन्ही हात बहुतेक वेळ एकाच तालात उतरतात, त्यामुळे तालात पक्कं पण वेगळे हात सांभाळताना गोंधळणारं मूल ती छान वाजवतं. त्याच संग्रहातली पहिली रचना "मेलडी" कागदावर त्याहून सोपी दिसते. ती तशी नाही. डावा हात सतत चालतो आणि त्याचा आवाज उजव्यापेक्षा हळू राहायला लागतो. कान तयार असलेल्या मुलालाच द्या.

दोन वर्षांच्या आसपास: बुर्गम्युलरच्या ओपस १०० मधल्या २५ रचना (ओपस म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित कामाचा क्रमांक). त्यांतली "अराबेस्क" मुलांना फार आवडते, कारण वेग आहे. शूमानची "वाइल्ड हॉर्समन" तशीच. चायकोव्हस्कीच्या १८७८ सालच्या "चिल्ड्रेन्स आल्बम"मधलं "ओल्ड फ्रेंच साँग" संथ आणि गाण्यासारखं आहे. गळ्यात गाणं असलेल्या मुलाला शोभतं. क्लेमेंटीच्या ओपस ३६ मधल्या पहिल्या सोनाटिनाची पहिली मूव्हमेंटही, म्हणजे पहिला स्वतंत्र भागही, या यादीत येते, पण सी मेजरची सरगम न अडखळता पळत असेल तरच. आणि एकच मूव्हमेंट. तिन्ही नकोत.

ज्या रचना मागितल्या जातात आणि पहिल्या कार्यक्रमाला देऊ नयेत: बीथोव्हेनची "फ्युर एलिझ", त्याच्याच "मूनलाइट" सोनाटाची पहिली मूव्हमेंट, आणि एरिक सातीची पहिली "जिम्नोपेदी". तिन्हींची सुरुवात सोपी वाटते. "मूनलाइट"मध्ये वरची चाल आणि तिच्याखालचे तीन-तीन सूर उजवा हात एकटाच सांभाळतो, चार शार्प (सूर अर्ध्याने चढवायच्या खुणा) असतात, आणि पेडलशिवाय ती उभीच राहत नाही. "जिम्नोपेदी"त डावा हात खालच्या सुरावरून वरच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांवर, उड्या मारत राहतो. संथ असल्यामुळे चुकलेली प्रत्येक उडी मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाते.

यादीत मुलाला आवडणारी निदान एक रचना हवी. रोज पुढचे दोन-अडीच महिने ती ऐकायची आहे त्याला. न आवडणारी रचना मूल वाजवतं, पण तिच्याजवळ जात नाही.

## टप्पा ४: प्रत्येक रचनेतली सगळ्यात अवघड ओळ शोधा

सगळ्या निवडीचा कणा हा टप्पा आहे, आणि हाच सर्रास गाळला जातो.

नोटेशन हातात घ्या. पहिली ओळ वाजवू नका. पेन्सिल घेऊन शेवटाकडून सुरुवातीकडे या आणि चार खुणा शोधा: काळ्या रेघांची दाटी (म्हणजे जलद सूर), मध्येच आलेले शार्प-फ्लॅट (सूर चढवायच्या-उतरवायच्या खुणा), डाव्या हाताच्या उड्या किंवा डाव्या हाताकडे गेलेली चाल, आणि हातात न मावणारे कॉर्ड. जिथे दोन खुणा एकत्र येतात त्या ओळीभोवती चौकट करा. तुमची रचना म्हणजे ती ओळ. मुलाने ती वाजवली तर सगळं वाजवलं.

"फ्युर एलिझ" घ्या. सगळ्यांना येतो तो पहिला भाग ए मायनरमध्ये, हात आलटून-पालटून येतात. नंतर एफ मेजरमधला भाग येतो, त्यात अचानक दुप्पट जलद सुरांचं झुपकं आहे. त्यापुढे डाव्या हातात तोच खालचा ए सतत ठोकला जातो आणि उजव्यात कॉर्ड येतात. मग तीन-तीनच्या सुरांनी वर चढून काळ्या-पांढऱ्या एकही पट्टी न सोडता खाली उतरायचं. पहिला भाग दीड वर्षाच्या मुलाचा आहे, हे पुढचे दोन बरेच वरच्या पातळीचे. मग "पहिलाच भाग वाजव" असं सांगितलं जातं. तसं करता येतं, पण तो भाग छोटा आहे, पुनःपुन्हा तेच येतं, आणि पुढे काय येतं ते श्रोत्यांनाही माहीत असतं.

शोपँचा ए मेजरमधला प्रील्यूड, ओपस २८ मधला सातवा, हे याहून फसवं उदाहरण. अख्खी रचना १६ बारांची. संथ, गोड, एका पानात संपणारी. पाहताक्षणी नवशिक्याची वाटते. बाराव्या बारमध्ये मात्र असा रुंद कॉर्ड आहे की मोठ्यांचे हातही ताणले जातात. आठ वर्षांच्या मुलाने कितीही महिने सराव केला तरी हात तितका वाढणार नाही. बाकीच्या १५ बार कितीही गोड असोत, ही रचना यादीतून गेली.

"अराबेस्क"मध्ये सुरुवातीला उजवा हात पाच सुरांची झेप घेतो आणि डावा तुटक कॉर्ड देतो. मधल्या भागात तीच झेप डाव्या हाताला घ्यायची असते. पेटीवरून आलेल्या मुलाची परीक्षा तिथे आहे. "वाइल्ड हॉर्समन"मध्येही मधल्या भागात चाल डाव्याकडे जाते. म्हणून दोन्ही रचनांची कसोटी मधल्या भागाने करायची.

जी मेजरच्या मिन्युएटमध्ये चौकट दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पडते. तिथे चाल डी मेजरकडे वळते, सी शार्प येतो, हाताची जागा बदलते. पहिला भाग महिनाभर घोटलेली मुलं इथे येऊन सी साधाच वाजवतात, कारण बोटांना त्याचीच सवय झालेली असते. हा मिन्युएट निवडलात तर शिकवायला सुरुवात सतराव्या बारपासून करा.

आता चौकटीतली ती एक ओळ मुलाला द्या. एक हात एका वेळी, लय अर्धी. एका बैठकीत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत, प्रत्येक हात वेगळा तरी बसायला हवा.

तपासा: प्रत्येक हात वेगळाही बसत नसेल तर रचना बाद. हात वेगळे बसले, एकत्र अडखळतात, तर रचना यादीत राहू द्या. दोन्ही हात पहिल्याच बैठकीत एकत्र बसले तर तीच तुमची रचना. "फार सोपी आहे" म्हणून ती सोडू नका. सोपी रचना भर कार्यक्रमात सोपी राहत नाही.

## टप्पा ५: दोन रचना आठवडाभर चालवा

यादीतून दोनच उरवा आणि मुलाला दोन्हींची चौकटीतली ओळ आठवडाभर करू द्या. आठवड्याच्या शेवटी दोन गोष्टी पाहा. कोणती ओळ जास्त पुढे सरकली, आणि सांगितल्याशिवाय मूल कोणती वाजवायला बसलं. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर प्रश्नच नाही. वेगवेगळं आलं तर मी मुलाच्या आवडीची घेतो, कारण टप्पा ४ मधून दोन्ही पास झालेल्या आहेत. आवड टप्पा ४ च्या आधी विचारली तर घोळ होतो. मूल "फ्युर एलिझ" सांगतं आणि मग नाही म्हणावं लागतं.

आईवडिलांनी या आठवड्यात मत देऊ नये, ही विनंती. मुलं घरच्यांचा चेहरा फार लवकर वाचतात.

## टप्पा ६: कागद कोणता, तेही ठरवा

मोबाईलवर मिळालेलं पहिलं नोटेशन छापू नका. एकाच नावाखाली मूळ रचना, सोपी आवृत्ती आणि कुणीतरी कानाने उतरवलेली चुकीची प्रत असं सगळं फिरत असतं. स्वर-पट्टी तपासा. मिन्युएट जी मेजरमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक शार्प हवा. तुमच्या प्रतीत एकही नसेल तर कुणीतरी ती सी मेजरमध्ये उचलून ठेवली आहे. जुन्या रचनांच्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथे एकेका रचनेच्या अनेक आवृत्त्या असतात, त्यातली बोटांचे आकडे छापलेली निवडा.

शिक्षक आणि मूल दोघांकडे एकच प्रत असू द्या. बोटांचे आकडे एकदा ठरले की बदलायचे नाहीत. तिसऱ्या बोटाच्या जागी चौथं आलं की पुढची सगळी ओळ सरकते, आणि कार्यक्रमात मूल नेमकं तिथेच थांबतं.

कार्यक्रमपत्रिकेत नाव बरोबर छापा. जी मेजरचा तो मिन्युएट बाखच्या नावावर सर्रास छापला जातो. बाखच्या पत्नीच्या, ॲना माग्दालेनाच्या १७२५ सालच्या वहीत तो आहे, म्हणून तसं झालं. रचना ख्रिस्टिआन पेट्झोल्डची आहे. जी मायनरचा मिन्युएटही त्याचाच.

## टप्पा ७: तारखेपासून मागे मोजा

दहा आठवडे धरा. पहिले चार सूर आणि बोटं, पुढचे तीन लय आणि आवाजाचे चढउतार, शेवटचे तीन फक्त लोकांसमोर वाजवणं. शेवटच्या तीन आठवड्यांत नवीन काही शिकवायचं नाही.

पण आपल्याकडचे दहा आठवडे कॅलेंडरवरचे दहा नसतात. गणपतीत घर भरलेलं असतं, मुंबईची मंडळी आलेली असतात, रात्री आरत्या आणि भजनं. दीड दिवसाचा गणपती असो की अकरा दिवसांचा, त्या पंधरवड्यात पियानोचा सराव होत नाही, आणि तो व्हावा असा हट्टही धरू नये. मग सहामाही परीक्षा. मग दिवाळी. डिसेंबरच्या शेवटी गॅदरिंग असेल तर हे सगळे दिवस वगळून मागे मोजा, तुम्ही श्रावणात पोहोचाल. निवडीची खरी वेळ तीच. बाहेर पाऊस असतो, मुलं घरात असतात, चार रचना चाळून बघायला सवड असते. गणपतीच्या आधी सूर बसलेले असले तर पंधरवडा सुटला तरी रचना सुटत नाही.

उशिरा सुरुवात झाली असेल तर आठवडे कमी करू नका, रचना छोटी करा. सहाच आठवडे हातात असतील तर "फॉर चिल्ड्रेन"मधली एका पानाची रचना घ्या.

या काळात रचनेत चार-पाच "उतरण्याच्या जागा" ठरवा. प्रत्येक भागाची पहिली बार पेन्सिलीने गोल करा आणि मुलाला कुठल्याही गोलापासून सुरू करायला सांगा. "तिसऱ्या गोलापासून", "आता पहिल्या". कार्यक्रमात सूर चुकला की मुलं अगदी सुरुवातीला परत जातात, कारण त्यांना तीच एक जागा माहीत असते. गोल माहीत असला की ती पुढच्या गोलावर उडी मारतात आणि श्रोत्यांतल्या निम्म्यांना काही झालं हेच कळत नाही.

पाठ करायचं की कागद ठेवायचा? पाठ असू द्या आणि कागदही ठेवा. पुठ्ठ्यावर चिकटवून, वर दोन चिमटे लावून.

सावधान: कार्यक्रमाला चार आठवडे उरल्यावर रचना बदलायची नाही. तोपर्यंत चौकटीतली ओळ हळू लयीत न थांबता येत नसेल, तर नवीन रचना न घेता मुलाची जुनी, पक्की रचना वाजवू द्या. यासाठी सुरुवातीपासून एक जुनी रचना आठवड्यातून एकदा वाजवत राहा.

## टप्पा ८: ज्या वाद्यावर वाजवायचं त्यावरच एकदा वाजवा

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी, हॉल रिकामा असताना.

कीबोर्ड भजनाला किंवा ऑर्केस्ट्राला वापरलेला असेल तर आधी ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं, बटण पाहा. गायकाच्या काळी पाचला जुळवलेला कीबोर्ड तसाच ठेवलेला असतो. मूल सी दाबतं आणि वेगळाच सूर येतो. कानाने वाजवणारं मूल त्या क्षणी गोंधळून थांबतं, आणि बाहेर बसलेल्या कुणालाच कळत नाही का थांबलं. ट्रान्सपोज शून्यावर आणा, ऑक्टेव्ह शून्यावर आणा. ऑटो-अकंपनीमेंट (आपोआप वाजणारी साथ) आणि स्प्लिट (पट्ट्यांचे दोन भाग पाडून वेगळे आवाज देणं) बंद करा, नाहीतर डाव्या हाताच्या सुरांबरोबर ढोलकीचा ठेका सुरू होतो. टच, म्हणजे दाबाच्या जोराप्रमाणे आवाज बदलणारं बटण, चालू करा. आवाज साध्या पियानोचा ठेवा. ही सहा बटणं कागदावर लिहून वाद्याशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

पेडल वापरणार असाल तर ते जोडून मगच कीबोर्ड चालू करा. बऱ्याच कीबोर्डांवर चालू केल्यानंतर जोडलेलं पेडल उलटं चालतं, पाय उचलला की सूर लांबतो.

विजेचं विसरू नका. दिवे जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत कीबोर्ड बंद पडतो, आणि परत चालू झाला की बरीच बटणं मूळ जागी गेलेली असतात. सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर नवे सेल घालून ठेवा. नसेल तर इन्व्हर्टरवर घ्या आणि एकदा मुख्य स्विच बंद करून पाहा, कीबोर्ड जिवंत राहतो का.

जुना, खरा पियानो मिळाला, एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये असतो कधी कधी, तर दमट हवेत त्याच्या काही पट्ट्या फुगून अडकतात. दाबलेली पट्टी वर येत नाही. सगळ्या पट्ट्या एकेक दाबून पाहा आणि तुमच्या रचनेतली एखादी अडकत असेल तर आयोजकांना तेव्हाच सांगा. ट्यूनरला बोलवायचं तर काही आठवडे आधी कळवावं लागतं, आदल्या दिवशी काही होत नाही.

स्टूलची उंची पाहा. प्लास्टिकची खुर्ची आणि घडीचा स्टँड ही जोडी लहान मुलाला जवळजवळ नेहमी चुकीची बसते, कोपर पट्ट्यांच्या खाली राहतं. खुर्चीवर खुर्ची रचा, किंवा जाड उशी घ्या. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

मग मुलाला आत येऊन, बसून, रचना एकदा सलग वाजवून, उठून नमस्कार करून बाहेर जायला सांगा. दोनदा पुरे. तिसऱ्यांदा वाजवायला सांगितलं तर मुलाला वाटतं काहीतरी चुकलं. उरलेला वेळ त्याला हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांची तालीम ऐकू द्या, आणि रुमाल खिशात आहे ना तेवढं पाहून घ्या. आपल्या हवेत बोटं घामेजतात आणि पट्टीवरून घसरतात.